बाबांनी ऐकलेली गाडी

प्रिय दादा,

काल तू फोनवर विचारलंस आणि मी "आवाज तुटतोय, नंतर करते" म्हणून फोन ठेवला. आवाज अजिबात तुटत नव्हता. "बाबा बरोबर असताना असली गाडी तुझ्या गळ्यात मारलीच कशी कुणी?" एवढंच तू विचारलंस, आणि त्यात रागही फारसा नव्हता, तू हसतच होतास. पण बाबा समोर शेंगा निवडत बसले होते, आई कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या खोलीत देण्यासारखं नव्हतं. खोटं द्यावं तर खोटं बोलले की मला लगेच उचकी लागते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे! म्हणून हे पत्र. तू म्हणशील, शंकीला आता पत्रं लिहायचं खूळ लागलं. लागू दे. फोनवर मी अर्धं वाक्य बोलते आणि उरलेलं तू पुरं करतोस, आणि दर वेळी ते तुला हवं तसंच पुरं होतं. इथे मला शेवटपर्यंत बोलता येईल.

तुझा प्रश्न नुसता माझ्या गाडीपुरता नाही, हेही मला कळतं. महिनाअखेरीस तू राजीनामा देणार. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या. रस्त्याकडेची मोकळी जागा तू बघून ठेवली आहेस, आणि पाटीवर काय लिहायचं तेही ठरलंय: 'बाबांनी ऐकलेली गाडी'. तू ते मला कळवलंस तेव्हा मी कामावर पाण्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. दोन चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या. किती वर्षांनी तू घरच्या धंद्याकडे वळतोयस! तू गॅरेज सोडून ऑफिसात गेलास तेव्हा बाबा एक अक्षर बोलले नव्हते, आणि ते न बोलणं तुला किती लागलं होतं ते मी पाहिलंय. आई म्हणते, "त्याला दुकान नकोय गं, त्याला बाबांच्या शेजारी उभं राहायला जागा हवीय." तू नाही म्हणशील, पण आईचं असलं बोलणं सहसा चुकत नाही. म्हणूनच मला नुसतं "फसले रे दादा" म्हणून मोकळं होता येत नाही. सगळं क्रमानं सांगते. मधेच पत्र ठेवून फोन उचलू नकोस.

आमची प्रयोगशाळा गावाबाहेरच्या पाणी शुद्धीकरणाच्या केंद्रात हलली, आणि बस कारखान्यांच्या चौकापर्यंतच जाते. पुढे मालट्रकांच्या कडेकडेनं चालत जावं लागे. मी रोज घरी आले की आई माझे बूट बघायची आणि काही बोलायची नाही. शेवटी बाबांनीच विषय काढला, "तुला एक छोटी गाडी बघू. जुनीच बघू. नवी गाडी काय, कुणीही घेतं." ते म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला म्हणतोस! किती दिवसांनी ते आपणहून काही बोलले होते. ठरलेल्या सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि तो लांब स्क्रूड्रायव्हर कापडानं पुसून खिशात नाही, हातात धरला. आई म्हणाली, "बघा, मुलगी बघायला निघालेत जसे." बाबा तिच्याकडे बघून नुसते हसले. त्यांना विनोद आवडला असं मला वाटलं.

तो स्क्रूड्रायव्हर तुला आठवतो ना? लाकडी मुठीचा, मूठ घासून घासून काळी झालेली. टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. डॉक्टरसारखं दिसतं म्हणून लोक त्यांना डॉक्टर म्हणायला लागले, आणि मग आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांचीही गाडी अडली की बाबांनाच बोलावणं. आपली पहिली शाळा तीच. आपल्याला खोक्यावर डोळे मिटून बसवायचे, इंजिन चालू करायचे आणि विचारायचे, "बोला, कोण बोलतंय?" पट्टा बोलतोय, की पंप, की व्हॉल्व्ह. तू दर वेळी "पंप" म्हणायचास, कारण कधी ना कधी पंप असतोच. बाबा म्हणायचे, "हा पुढारी होणार." मी उत्तराला इतका वेळ लावायचे की बाबा वैतागायचे, "अगं, गाडीवाल्याची नोकरी जाईल, बोल की." पण माझं बरोबर यायचं. अक्षरं मी नंतर शिकले, आवाज आधी. प्रत्येक बिघडलेली वस्तू आपलं दुखणं आपल्याच तोंडानं सांगते, माणसानं फक्त गप्प राहून ऐकावं, हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही.

आणि त्याच शाळेतला दुसरा धडा. तू एकदा एका वकिलासमोर बाबांना म्हणालास, "मला तर हा पट्ट्याचा आवाज वाटतो." वकील हसला. पण जेवायच्या वेळी आईनं आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, "गिऱ्हाइकासमोर घरच्या माणसाला खोडायचं नाही. काय ते घरी येऊन बोला." पहिलं वाक्य आपण असं पाठ केलं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. दुसरं वाक्य मात्र आपल्या घरात कुणी कधी वापरलंच नाही. घरी आल्यावर कुणी काही बोलत नाही, दादा. आपण जेवतो आणि झोपतो.

गाडी एका फोटोग्राफरची होती. खाली ओळखपत्रांचे फोटो काढायचं दुकान, वर घर, गाडी गल्लीत. राखाडी, लहानशी, आतून इतकी स्वच्छ की मला बूट काढून बसावंसं वाटलं. फोटोग्राफर बाहेर आला, मला बघून हसला, आणि मागून बाबा आलेले बघताच त्याचं हसू मावळलं. "तुम्ही? फोनवर तर मुलगी बोलत होती." बाबा म्हणाले, "मुलगी माझीच." पूर्वी त्याची व्हॅन बाबांनीच दुरुस्त केली होती, त्यामुळे बाबांचा कान म्हणजे काय चीज आहे ते त्याला ठाऊक होतं. त्यानंतर तो सारखा मान पुसत राहिला. आम्ही एक फेरी मारून आलो. मी चालवत होते, बाबा शेजारी, आणि तो मागे बसून गाडीच्या रंगाबद्दल, सीटबद्दल, काचांबद्दल न थांबता बोलत होता. परत येईतो इंजिन चांगलं तापलं होतं. बाबांनी बॉनेट उघडलं आणि मला हातानं खूण केली, दाब. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि सोडला.

सोडताक्षणी आलं. खालून, खोल. खालच्या मजल्यावरच्या माणसानं चिडून छताला काठी मारावी तसं. ठक, ठक, ठक. क्रँकच्या बेअरिंगचा ठोका. बाबा याला 'हाडाचं दुखणं' म्हणतात. बाकी सगळं औषधानं बरं होतं, याला इंजिन उतरवावंच लागतं. मनात म्हटलं, चला, वाचलो. आता बाबा मान वर करतील आणि म्हणतील, "काय हो फोटोवाले!" बॉनेटच्या फटीतून मला त्यांचा हात आणि चेहरा दिसत होता. मूठ कानाला नव्हती. त्यांनी ती गालाच्या हाडावर टेकवली होती. मग जबड्यावर. डोळे गच्च मिटलेले. "परत दे," ते म्हणाले. मी दिलं. ठक, ठक, ठक. ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग सरळ झाले, स्क्रूड्रायव्हर पुसला आणि म्हणाले, "घेऊन टाक. इंजिन तंदुरुस्त आहे."

फोटोग्राफरचं तोंड उघडं राहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मीटरच्या काट्याकडे पाहिलं. तो आवाज त्या गल्लीत ऐकणारी माणसं दोनच होती, फसवणारा आणि फसणारी, आणि दोघांनी मिळून तो तिसऱ्यापासून लपवला. मी इंजिन बंद केलं. तू विचारलंस ना, गळ्यात मारलीच कशी? कुणी मारली नाही, दादा. मी मान पुढे केली. त्या माणसासमोर "बाबा, ठोका आहे" एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. आईचा नियम आडवा आला. आणि गंमत बघ, त्या दिवशी गिऱ्हाईक तर आम्हीच होतो! नियम लागूसुद्धा नव्हता. पण ते मला घरी आल्यावर सुचलं. फोटोग्राफर बिचारा इतका ओशाळला होता की आम्ही निघेपर्यंत काही ना काही आणून देत राहिला. सीटची जास्तीची कव्हरं दिली, बॅटरी दिली, शेवटी दुकानातली त्याची स्वतःची छत्री आणून मागच्या सीटवर ठेवली. "असू द्या, असू द्या." बाबा म्हणाले, "भला माणूस आहे."

येताना गाडी मीच चालवली. दर गिअरला तो ठोका पायाखाली जाणवत होता. बाबांनी काच वर घेतली, सीटवर नीट टेकले आणि म्हणाले, "आत किती शांत आहे गाडी."

मी हो म्हटलं आणि मला उचकी लागली. एकामागून एक, मोठ्यानं. बाबा रस्त्याकडे बघत होते, त्यांचं लक्षच गेलं नाही. सिग्नलला थांबल्यावर माझा खांदा उडताना दिसला, तेव्हा म्हणाले, "अगं, पाणी पी की." मग मला समजलं. समजलं म्हणजे, गल्लीत समजलं होतंच, पण तिथे मी मनाची समजूत घालत होते की सर्दी असेल, कानांना दडे बसले असतील, आजच्यापुरतं असेल. सिग्नलपाशी ती समजूत टिकली नाही.

मग मागचं एकेक सुटायला लागलं. तू वर्षाकाठी दोन दिवस येतोस, तुला दिसलं नसेल. पण मी तर रोज घरात असते. जेवताना आई विचारते, "आमटी वाढू?" आणि बाबा म्हणतात, "उद्या जाऊ." आई लगेच म्हणते, "बरं, उद्या जाऊ बँकेत." उत्तर येईल तसा ती प्रश्न बदलून घेते, इतक्या सफाईनं की शेजारी बसून मला पत्ता लागला नव्हता. काहीतरी सांगायचं असलं की ती आता आधी त्यांच्या दंडाला हात लावते. मला वाटायचं, म्हातारपणी माया वाढलीय. गॅरेजमध्ये वायरिंगवाले काका हल्ली केवढ्यानं ओरडून बोलतात, "डॉक्टर, पंप वाजतोय ना हो हा?" आणि बाबा म्हणतात, "तेच म्हणणार होतो." मी तर आईला म्हटलं होतं, काकांना कमी ऐकू यायला लागलंय बहुतेक, तपासून घ्यायला सांग. आई माझ्याकडे बघत राहिली. नंतर एकदा मी विचारलं, बाबा एवढे गप्प का असतात गं? ती म्हणाली, "वय झालं की माणूस कमी बोलतो." कमी ऐकतो असं नाही म्हणाली. खोटं नाही बोलली, खरंही नाही. तिला उचकी लागत नाही, दादा, ती आपल्यापेक्षा सरस आहे.

गाडी थोडेच दिवस चालली. केंद्राच्या अलीकडच्या चढावर एकदम मोठा आवाज झाला आणि ती जागच्या जागी अडकली. काकांनी दोर लावून ओढून आणली. तुला मी एवढंच सांगितलं होतं की इंजिन गेलं. पुढचं नव्हतं सांगितलं. बाबांनी इंजिन स्वतः उतरवलं, कुणाला हात लावू दिला नाही. हातांचं काम त्यांचं अजून पहिल्यासारखंच आहे. बोल्ट काढून ठेवतात ते रांगेत, पानं वाढल्यासारखे. खालचं झाकण काढलं, आणि त्यांनी बेअरिंगचा तो अर्धगोल पत्रा बाहेर काढला. बांगडीचा तुकडा असतो तसा असतो तो. आतून राखी, गुळगुळीत असायला हवा. हा घासून घासून तांब्यावर आला होता, ओरखडेच ओरखडे. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग होते तिथे जमिनीवर बसले.

"हे एका दिवसात होत नाही," ते म्हणाले. "आपण बघायला गेलो तेव्हाही बोलत असणार हे." काका पलीकडे वायर सोलत होते. त्यांनी ती खाली ठेवली, "चहा सांगून येतो" म्हणाले आणि बाहेर गेले. चहा कुणी मागितला नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. आणि मला कळलं की ते कितीतरी दिवस असंच बघतायत. "तुला ऐकू आलं होतं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही घे म्हणालात म्हणून." ते हळूहळू, एकेक शब्द जोडत बोलले, "तो फोटोवाला समोर होता म्हणून." ते तुकडा उलटासुलटा करत राहिले. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "मला वाटायचं हाडातून कळतंय अजून. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं. कोण, ते नाही कळत." आणि पुढे, "तुझी आई कशी बोलते ते आता आठवून ऐकतो."

दादा, मी त्या वेळी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी झाडू घेऊन जमीन झाडली.

काका चहा घेऊन आल्यावर बाबांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही, सरळ सांगितलं, "दादाला मीच सांगतो." काका म्हणाले, "सांगा, सांगा, ओरडणारा तर नाही तो." मी कानाच्या डॉक्टरकडे नाव नोंदवलं, तर बाबा म्हणाले, "आधी त्याच्या कानावर घालू दे. तो माझ्या जिवावर काहीतरी मांडतोय. मग डॉक्टर." तू सांगू नकोस, असं ते मला म्हणाले नाहीत. मी ते बोलणं मनात पुन्हा पुन्हा घोळवून पाहिलं, तसं ते खरंच म्हणाले नाहीत. तरीही हे लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतंय. ते त्यांचं सांगणं आहे, मी ते त्यांच्या आधी उचलते आहे.

पण मी थांबले होते रे. रविवारी तुझा फोन येतो, ते तो घेऊन मागच्या अंगणात जातात. पहिल्या रविवारी परत आले आणि म्हणाले, "बोललो त्याच्याशी." आईनं त्यांच्या समोर जाऊन विचारलं, "काय म्हणाला?" म्हणाले, "मजेत आहे." मला वाटलं, सांगितलं. नंतरच्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत होते. बाबांचा फोन इतका मोठ्यानं लावलेला असतो की तुझं सगळं मला ऐकू येत होतं. तू विचारत होतास, "आईचा गुडघा कसा आहे?" आणि बाबा म्हणाले, "हो, हो. कर तू. मी आहे." तू म्हणालास, "बाबा, गुडघा विचारतोय, गुडघा!" बाबा थोडे थांबले आणि पुन्हा तेच म्हणाले, त्याच मायेनं. "कर तू. मी आहे." तू हसलास. तुला वाटलं, बाबांचं लक्ष दुसरीकडे आहे. मग त्यांनी तोंड उघडलं, मला दिसलं, ते काहीतरी सांगायला सुरुवात करणार होते. पण मधेच तू पुन्हा काही बोलायला लागलास, त्यांना ते कळलं नाही, दोघंही एकदम बोलायला लागलात. बाबा गोंधळले आणि म्हणाले, "बरं, ठेवतो." फोन ठेवून ते बराच वेळ दोरीवरचे वाळलेले कपडे चाचपत उभे राहिले.

तू मला किती आनंदानं सांगितलं होतंस! "मी दुकानाचं विचारलं, आणि बाबा एका झटक्यात म्हणाले, हो, कर तू, मी आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आढेवेढे न घेता हो म्हटलं, म्हणालास. त्या रात्री तुला झोप लागली नाही. दादा, ते वाक्य ते सगळ्यांनाच म्हणतात. मावशीलाही म्हणतात, वीजबिलवाल्यालाही. फोनवर जेव्हा काहीच कळत नाही, तेव्हा कुणाचं मन दुखावू नये म्हणून त्यांनी ते एकच उत्तर निवडून ठेवलंय. पण ते खोटं आहे असंही समजू नकोस हं. तू काय विचारलंस ते त्यांना नीट कळलं नसेल. कोण विचारतंय ते कळलं होतं. कुणासाठी एवढ्या लगबगीनं ते फोन घेऊन अंगणात जातात, ते मी बघते ना.

तर हे पत्र एवढ्यासाठी. राजीनामा देण्याआधी, पाटी रंगवायला टाकण्याआधी, एकदा घरी ये. दुकान काढू नकोस असं मी म्हणत नाही. बाबांच्या हातांना अजून काम हवंय, आणि तुम्ही दोघं मिळून काय ठरवाल ते ठरवा. पण ते फोनवर ठरलंय असं धरून चालू नकोस. त्यांना तुला सांगायचंय. सकाळी दाढी करताना आरशासमोर त्यांचे ओठ हलत असतात, ते मी पाहिलंय. फोनमध्ये तुझा चेहरा नसतो, म्हणून दर रविवारी त्यांचं सांगणं राहून जातं आणि ते स्वतःलाच भ्याड समजून आत येतात. तू समोर बस. उजेडाकडे तोंड करून बस, सावकाश बोल, आणि बोलताना तोंडावर हात नेऊ नकोस, तुला ती सवय आहे. माझं पत्र आलं होतं हे कळू देऊ नकोस. ते सांगतील तेव्हा पहिल्यांदाच कळतंय असं ऐकून घे. एवढं खोटं माझ्यासाठी कर, तुला कुठे उचकी लागते. आणि येशील तेव्हा बेल वाजवू नकोस. बेल वाजली की आई उठते, मी उठते, आणि बाबा आमच्याकडे बघून मग ओळखतात की कुणीतरी आलंय. दार नुसतं लोटलेलं असेल. सरळ आत ये आणि त्यांच्यासमोर उभा राहा, म्हणजे तू आल्याचं घरात सगळ्यांत आधी त्यांना कळेल.

वाट पाहते आहे.

तुझीच,
शंकी